कन्व्हर्टिबलचा हायड्रॉलिक हूड संथ आणि तिरका उचलला जातो: आधी काय तपासावे?

कर्वेनगरकर

सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे १९६२ सालची शेव्हरोले इम्पाला कन्व्हर्टिबल आहे. सासऱ्यांनी हौसेने सांभाळलेली ही गाडी त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांचे काम समाधानकारक झालेले आहे. प्रश्न उरला आहे तो कापडी हूडचा, म्हणजे घडी होणाऱ्या छताचा. मागच्या सीटच्या पाठीमागे मोटर व पंप एकत्र बसवलेले आहेत, तेथून नळ्या निघून दोन्ही बाजूंच्या एकेका सिलिंडरला जातात आणि डॅशबोर्डवरची कळ दाबली की हूड उघडतो (वर येऊन गाडीवर पसरतो) किंवा मिटतो (घडी होऊन मागे बसतो), अशी ही मूळ रचना आहे.

सध्या होते असे की, हूड वर येताना डावी बाजू पुढे जाते, उजवी मागे रेंगाळते आणि त्यामुळे सगळा सांगाडा किंचित पिळल्यासारखा दिसतो. वर येण्याचा वेगही बराच मंदावला आहे. मिटताना मात्र फारसा त्रास जाणवत नाही. मागच्या सीटखालच्या गालिच्यावर उजव्या बाजूला तांबूस-तपकिरी डाग पडला आहे आणि त्याच्या आसपासचा पत्र्यावरचा रंग फुगून सुटू लागला आहे. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये पंपाच्या टाकीत तेल कमी आहे म्हणून भर घातली गेली. ते कोणते तेल होते हे आता तेथील कोणालाही सांगता येत नाही.

गाडीची नोंदणी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून झालेली आहे. त्यामुळे प्रदर्शने, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते आणि एरवी सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून उभी असते. पावसाळ्यात तर हूडला महिनोन्महिने हात लागत नाही.

एका कारागिराने पंप, दोन्ही सिलिंडर आणि सर्व नळ्या अमेरिकेहून मागवून सरसकट बदलण्याचा सल्ला दिला आहे. खर्चाला माझी हरकत नाही. पण नेमके काय बिघडले आहे हे समजल्याशिवाय सगळेच बदलणे मला पटत नाही. तपासणीची सुरुवात कोठून करावी, आणि टाकीत कोणते तेल असायला हवे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तेलदाब

नमस्कार. माझी नोकरी पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात हायड्रॉलिक यंत्रांच्या देखभालीत गेली आणि निवृत्तीनंतर जुन्या गाड्यांच्या हूडची कामे आवड म्हणून करतो. आपण दिलेल्या वर्णनात उत्तराचा बराचसा भाग आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट तेलाची. चाळीस व पन्नासच्या दशकांतील अनेक अमेरिकन कन्व्हर्टिबलच्या हूडमध्ये चक्क ब्रेक ऑइल वापरले जाई; पुढे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, म्हणजे एटीएफ, वापरण्याची पद्धत रुळली. ही दोन तेले एकमेकांची वैरी आहेत. ब्रेक ऑइल ग्लायकॉल प्रकारचे असते, एटीएफ खनिज तेलापासून बनते, आणि एकासाठी बनवलेले रबर दुसऱ्यात टिकत नाही. ब्रेक ऑइलसाठीचे रबर खनिज तेलात बुडाले की फुगते, मऊ पडते आणि हळूहळू त्याचा लगदा होतो. साठ वर्षांच्या गाडीत पंप आणि सिलिंडर कधी बदलले गेले, कोणत्या जातीचे बसवले गेले, हे कागदपत्रांवरून कळत नाही. म्हणून गाडीच्या सालावरून तेल ठरवू नये. आत आज काय आहे ते पाहून ठरवावे.

ते पाहण्याची रीत अगदी सोपी आहे. टाकीचे बूच काढून ड्रॉपरने थोडे तेल घ्यावे आणि काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात त्याचे काही थेंब सोडावेत. ब्रेक ऑइल असेल तर ते पाण्यात विरघळून जाईल, एटीएफ असेल तर पृष्ठभागावर तरंगेल. केवळ रंगावर विसंबू नये, कारण जुने झाले की दोन्ही तपकिरी दिसतात. आपल्या बाबतीत एक काळजी अधिक घ्यावी: नमुना टाकीच्या वरच्या थरातून घ्यावा आणि तळातूनही घ्यावा. ब्रेक ऑइल पाण्यापेक्षा किंचित जड असते आणि एटीएफ पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे दोन्ही एकाच टाकीत गेली असतील तर ती एकजीव न होता थर धरून राहतात. वरचा नमुना एक सांगेल आणि तळाचा दुसरेच. मला संशय येण्याचे कारण आपण लिहिलेला फुगलेला रंग. एटीएफ सांडल्याने पत्र्यावरचा रंग सहसा असा सुटत नाही. ब्रेक ऑइल मात्र रंग खाते. तो भाग आजच भरपूर पाण्याने धुऊन कोरडा करावा. बाकीची तपासणी नंतर झाली तरी चालेल.

दुसरी गोष्ट तिरकेपणाची. दोन्ही सिलिंडरना एकाच पंपाकडून, एकाच दाबाचे तेल समांतर मिळते. त्यांना एका लयीत ठेवणारी कोणतीही यंत्रणा या रचनेत नाही. तो ताळमेळ फक्त हूडचा लोखंडी सांगाडा राखतो. आता समजा उजव्या सिलिंडरच्या आतले पिस्टनचे सील झिजले आणि तेल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पळू लागले, तर दाब सगळ्या मंडलातूनच उतरेल आणि डावी बाजूही तितकीच मंद होईल. एकच बाजू मागे रेंगाळते तेव्हा पहिला संशय त्या बाजूच्या नळीवर घ्यावा, दुसरा त्या बाजूच्या घर्षणावर आणि तिसरा तेथे अडकलेल्या हवेवर. नळी बाहेरून धडधाकट दिसते. पण आतले अस्तर फुगून तेलाची वाट अरुंद झालेली असू शकते, आणि चुकीचे तेल गेले असेल तर हे घडतेच.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित: सिलिंडरचा दांडा. हूड वर असतो तेव्हा दांडे पूर्ण बाहेर आलेले असतात. म्हणजे आपली गाडी पावसाळाभर उभी राहते तेव्हा दांड्यांचा चकचकीत पृष्ठभाग दमट हवेत उघडा पडतो, आणि हूडच्या कडेतून झिरपलेले पाणी उतरते तेही नेमके त्याच पोकळीत. क्रोमवर बारीक गंजाचे टिपके उठतात. नंतर एखाद्या दिवशी हूड मिटला की तोच खडबडीत दांडा सीलमधून आत ओढला जातो आणि सीलची कड ओरबाडली जाते. लोक सील बदलतात, दांडा तसाच ठेवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा गळती सुरू झाली की नव्या सीलला दोष देतात. बाजूचे आतले पॅनेल काढून दोन्ही दांडे विजेरीच्या उजेडात नीट पाहावेत आणि नख फिरवून पाहावे. नख अडले तर तो दांडा बाद समजावा.

सुरक्षिततेविषयी एकच सांगतो. अर्धवट उचललेल्या हूडच्या सांगाड्यात हात घालून काम करू नये. नळी सैल केली किंवा फुटली तर सांगाडा क्षणात खाली बसतो आणि त्याच्या कात्रीसारख्या जोडांत बोट सापडले तर ते तुटू शकते. हूड एक तर वर घेऊन पुढच्या काचेच्या चौकटीला खटक्यांनी अडकवलेला असावा, नाही तर पूर्ण मिटलेला असावा. मधल्या स्थितीत काम करणे अटळच असेल तर जाड लाकडी टेकू दोन्ही बाजूंना द्यावा.

वायरमन_चिंचवड

तेलदाब साहेबांचे विवेचन योग्यच आहे. मात्र मंदपणाचे खापर तेलावर फोडण्यापूर्वी विजेची बाजू पाहून घ्यावी, कारण तिला पाना लावावा लागत नाही आणि खर्चही येत नाही.

या पंपाची मोटर, स्टार्टर वगळला तर, गाडीतील सर्वाधिक करंट खेचणाऱ्या वस्तूंपैकी एक आहे. त्या काळच्या अमेरिकन पंपांत मोटरला सहसा दोन तारा येतात. एकीत वीज सोडली की मोटर एका दिशेने फिरते, दुसरीत सोडली की उलट फिरते, आणि परतीचा मार्ग मोटरच्या धातूच्या अंगातून गाडीच्या पत्र्याला जातो. पंप कंपन शोषणाऱ्या रबरी बुशांवर बसवलेला असल्यामुळे परतीचा हा मार्ग, म्हणजे अर्थ (अर्थिंग), वेगळ्या पट्टीने किंवा तारेने दिलेला असतो. तिचे टोक गंजले की मोटर फिरते खरी, पण तिच्यात जीव राहत नाही.

तपासणी अशी करावी. बॅटरी पूर्ण चार्ज करून मदतनिसाला कळ दाबायला सांगावे आणि मोटर चालू असतानाच मल्टिमीटरने दोन ठिकाणी व्होल्टेज मोजावे: बॅटरीच्या टोकांवर आणि मोटरच्या टोकावर. बॅटरीवर १२ व्होल्टच्या आसपास आणि मोटरवर ९ व्होल्ट दिसले तर मधले ३ व्होल्ट कळ, जोड आणि तारा यांच्यात उष्णतेच्या रूपाने वाया जात आहेत. नंतर मीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी मोटरच्या अंगावर ठेवावी. मोटर चालू असताना येथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थचा जोड घासून स्वच्छ करावा. मोटर बंद ठेवून घेतलेली मापे या कामात निरुपयोगी आहेत, कारण करंट वाहत नसताना गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

आणखी एक बारकावा आपल्या सालाच्या गाडीपुरता. इंजिन चालू ठेवून हूड चालवावा असा सल्ला सगळेच देतात. पण १९६२ च्या शेव्हरोलेत अल्टरनेटर नसून डायनॅमो असतो आणि तो मंद आयडलवर जवळपास काहीच चार्जिंग करत नाही. त्यामुळे इंजिनाचा वेग थोडा वाढवून ठेवला तरच त्या सल्ल्याचा उपयोग होतो. तसेच हूड पूर्ण उघडल्यावर किंवा मिटल्यावर कळ दाबून धरू नये. पंप अडतो, करंट वाढतो आणि आपोआप तुटणारा-जुळणारा सर्किट ब्रेकर गरम होऊन मोटर बंद करतो. तो थंड झाला की मोटर पुन्हा सुरू होते, आणि मालकाला वाटते की मोटर कधी चालते, कधी चालत नाही.

सदाशिवपेठी

जुन्या हूडांच्या कापडाची व सांगाड्यांची कामे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, म्हणून तेलाच्या आणि विजेच्या चर्चेत सांगाड्याची आठवण करून देतो. वरील दोन्ही सभासदांनी हूड स्वतः मोकळा हलतो असे गृहीत धरले आहे, आणि तेच बहुतेक वेळा खरे नसते.

हूड वर घेऊन खटक्यांनी अडकवावा, दोन्ही सिलिंडरच्या दांड्यांचे सांगाड्याशी असलेले जोड सोडवावेत आणि मग खटके काढून दोन माणसांनी, दोन बाजूंना उभे राहून, हूड हाताने मिटवून पुन्हा उचलून पाहावा. वजन जाणवेल, पण कोठेही अडता कामा नये. अडत असेल तर नवा पंप आणि नवे सिलिंडर घालूनही काही साधणार नाही. उलट जोरकस पंप वाकलेल्या पट्ट्या आणखी वाकवील. उजव्या बाजूच्या एखाद्या जोडातील बुश झिजला असेल, पूर्वी कोणी पिनेऐवजी भलताच बोल्ट ठोकला असेल, तर तिरकेपणाचे कारण तेथेच मिळेल. जोडांना पातळ तेलाचा थेंब द्यावा आणि ओघळ लगेच पुसून घ्यावा, कारण कापडावर गेलेला डाग निघत नाही.

कापड अलीकडे नवीन बसवले असेल तर तेही कळवावे. नवे कापड ताठ असते, आणि कारागिराने ते गरजेपेक्षा आवळून बसवले असेल तर हूडचा शेवटचा वीतभर प्रवास मंद होतो. त्यात तेलाचा काही संबंध नसतो.

पाण्याविषयी तेलदाब यांनी लिहिले त्यात थोडी भर घालतो. हूड मिटून बसतो त्या खोलगट जागेतील पाणी बाहेर जाण्यासाठी खाली छिद्रे किंवा नळ्या असतात. पार्किंगमधल्या झाडांचा पाला, धूळ आणि सुटलेल्या कापडाचे धागे यांनी त्या बुजतात. पुण्यात जूनमध्ये पाऊस लागण्यापूर्वी त्यांत पाणी ओतून ते जमिनीवर पडते की नाही हे पाहण्याचा रिवाज ठेवावा. आणि हूड ओला असताना कधीही मिटवू नये. ओली छत्री गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्यावर तिला जो वास येतो, तोच प्रकार येथे होतो, फक्त त्याची किंमत फार मोठी असते: बुरशीचे डाग, कुजलेली शिवण आणि मागच्या पारदर्शक खिडकीवर कायमचा पांढुरका चट्टा.

नळ्या बदलण्याची घाई मात्र मला पटत नाही. मूळ नळ्यांचे जोड आणि वळणे त्या जागेसाठीच घडवलेली असतात. त्या गळत नसतील तर हात लावू नये, असे माझे मत आहे.

कर्वेनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे तपासणी करून निष्कर्ष येथे लिहीत आहे.

विजेच्या बाजूला अर्थचा जोड काळा पडलेला आढळला. तो घासून घट्ट केल्यावर मोटरचा आवाज स्पष्टपणे बदलला आणि हूडचा वेग थोडा सुधारला. तिरकेपणा मात्र तसाच राहिला. हूड हाताने उचलून पाहिला असता तो दोन्ही बाजूंना मोकळा आहे. कापड जुनेच आहे.

तेलाची परीक्षा मात्र चकित करणारी निघाली. वरच्या थरातील थेंब पाण्यावर तांबूस तवंग धरून राहिले, आणि तळातून घेतलेले थेंब पाण्यात विरघळून ते किंचित गढूळ झाले. म्हणजे टाकीत दोन्ही तेले आहेत. उजव्या दांड्यावर, सीलपासून साधारण चार बोटे अंतरावर, गंजाचे टिपके आहेत आणि नख अडते. डावा दांडा स्वच्छ आहे. दांडे सोडवलेले असतानाच पंप थोडा चालवून पाहिला, तर भार नसतानाही उजवा दांडा डाव्याच्या मागून निघाला.

आता मला दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. सिलिंडर पुण्यातच दुरुस्त करून घ्यावेत की नवे मागवावेत? आणि सगळे उघडल्यावर कोणते तेल भरावे?

तेलदाब

दोन तेले एकत्र सापडली, त्यामुळे नळ्यांविषयी सदाशिवपेठी यांच्याशी मला येथे असहमत व्हावे लागते. एरवी त्यांचे म्हणणे मी मान्य केले असते. परंतु चुकीच्या तेलात वर्षभर राहिलेले रबर वरून कितीही चांगले दिसले तरी ते परत मूळ स्थितीत येत नाही, आणि भार नसतानाही उजवा दांडा मागे राहतो यावरून त्या बाजूची वाट अरुंद झाली आहे किंवा फुगलेल्या सीलने दांडा जखडला आहे, एवढे निश्चित होते. मंडलातील रबर म्हणावे असे जे जे आहे ते सर्व बदलावे: नळ्या, सिलिंडरचे सील, पंपाच्या टाकीचे रिंग आणि मोटरच्या शाफ्टवरचे सील. पंपाचे धातूचे भाग आणि मोटर यांना मात्र बदलण्याचे काही कारण दिसत नाही. आपल्या कारागिराचा सरसकट सल्ला मला तेथे खटकतो.

सिलिंडरविषयी. या काळातील बहुतेक हूड सिलिंडरची टोके कारखान्यातच दाबून बंद केलेली असतात. ते उघडून दुरुस्त करावेत अशी मुळात योजनाच नसते. लेथवर टोक कापून, आटे पाडून, नवे झाकण बसवून ते पुन्हा वापरता येतात. भोसरी आणि चाकणच्या बाजूला असे काम करणारे कुशल टर्नर आणि दांड्यावर हार्ड क्रोम चढवणारे लोक आहेतच. दांडा घासून, त्यावर साधारण २० ते २५ मायक्रॉन जाडीचा थर देऊन, पुन्हा पॉलिश करून घ्यावा लागतो. हे सगळे होते, परंतु दोन सिलिंडरसाठी चार दुकाने फिरण्याचा व्याप आणि नंतर अचूकतेची खात्री यांचा विचार करता, नव्या सिलिंडरची जोडी मिळत असेल तर ती घ्यावी असे मी सांगेन. एकच सिलिंडर नवा घेऊ नये; दोन्ही बाजूंचे घर्षण सारखे राहिले तरच सांगाडा सरळ उचलला जातो. जुना आणि नवा यांच्या दांड्याचा प्रवास मोजून पाहावा. प्रवास थोडा जरी जास्त असला तरी शेवटी सगळा जोर सांगाड्यावर येतो आणि पट्ट्या वाकतात.

नळ्या येथे बनवून घेणार असाल तर दुकानदाराला दाब सांगण्यापूर्वी जागा दाखवावी. हायड्रॉलिक होज म्हटले की आपल्याकडे लगेच पोलादी तारेच्या जाळीची नळी हातात देतात. ती कारखान्यातील प्रेससाठी उत्तम असते. हूडच्या पंपाचा दाब काही शे पीएसआय इतकाच असतो. तारेची नळी त्याच्या कितीतरी पट दाब सहज सोसते, पण ती इतकी ताठ असते की सिलिंडर हलताना तिला वळता येत नाही आणि जोडांवर ताण पडतो. आर-७ प्रकारची थर्मोप्लास्टिक नळी, जिच्या आत तारेऐवजी धाग्यांचे विणकाम असते, ती येथे शोभते. बसवल्यावर हूड पूर्ण उघडून व पूर्ण मिटवून, नळी कोठे चिमटली जाते का आणि सांगाड्याच्या कडेला घासते का, हे दोन्ही स्थितींत पाहावे.

तेलाचे उत्तर आता आपल्या हातात आहे. सगळे रबर नवे येणार असल्यामुळे मी एटीएफ निवडीन, पण सील नायट्राइल रबराचे, म्हणजे खनिज तेलात टिकणाऱ्या रबराचे, असतील तरच. एटीएफ हवेतील ओलावा शोषत नाही आणि सांडले तरी रंग खात नाही. पुण्याच्या पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी ही दोन कारणे मला पुरेशी वाटतात. पॉवर स्टिअरिंगसाठी विकले जाणारे डेक्सरॉन प्रकारचे एटीएफ नाना पेठेत कोणत्याही चांगल्या दुकानात मिळते. सील कोणत्या रबराचे आहेत याविषयी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबायचे नसेल तर संचातील एक सुटा रिंग काही दिवस त्या तेलात बुडवून ठेवावा आणि आधी व नंतर व्हर्नियरने मोजावा. ब्रेक ऑइलसाठीचे ईपीडीएम रबर असेल तर ते फुगलेले डोळ्यांनाही दिसेल.

जोडणीपूर्वी धातूचे सर्व भाग आणि टाकी स्पिरिटने धुऊन पूर्ण कोरडे करावे, म्हणजे ग्लायकॉलचा अंश राहणार नाही. केवळ जुने तेल काढून नवे भरले तर कोपऱ्यांत राहिलेले ब्रेक ऑइल नव्या सीलना त्रास देईल. काम झाल्यावर पंपावर ‘फक्त एटीएफ’ असे रंगाने लिहून ठेवावे. आपल्यानंतर गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला विचारायला कोणी नसेल.

वायरमन_चिंचवड

एक शंका. सिलिकॉनचे ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ५, हाही पर्याय काही हौशी लोक सुचवतात. तेही रंग खात नाही आणि पाणी शोषत नाही. मूळचे ब्रेक ऑइलचे सील तसेच ठेवून ते भरता येणार नाही का?

तेलदाब

ज्या गाडीत केवळ ब्रेक ऑइलच होते आणि सील शाबूत आहेत, तेथे पूर्ण सफाई करून डॉट ५ भरणे हा विचार करण्याजोगा मार्ग आहे. कर्वेनगरकरांच्या गाडीत मात्र खनिज तेल आधीच शिरले आहे आणि जुने सील वाया गेलेले आहेत, त्यामुळे तो वाचवण्याजोगा भागच उरलेला नाही. शिवाय डॉट ५ आणि डॉट ५.१ यांच्या नावांत गल्लत होते, ५.१ हे ग्लायकॉलचेच असते. पुढे कोणी भर घालताना नेमकी तीच बाटली उचलण्याचा धोका मला अधिक वाटतो.

कर्वेनगरकर

सिलिंडरची जोडी, सील संच आणि आर-७ प्रकारच्या नळ्या असे ठरवत आहे. शेवटचे एक विचारतो: तेल भरताना हूड वर असावा की मिटलेला? मला दोन्ही सल्ले मिळाले आहेत.

तेलदाब

दोन्ही सल्ले प्रामाणिक असू शकतात, कारण निरनिराळ्या बनावटींची पुस्तके निरनिराळी स्थिती सांगतात. आपल्या गाडीचे बॉडी मॅन्युअल मिळवून त्यातील स्थिती व पातळी पाळावी. त्यामागचे कारण समजून घेतले तर गोंधळ होणार नाही.

हूड वर असताना दांडे बाहेर असतात, त्यामुळे सिलिंडरमध्ये तेलाला सर्वाधिक जागा मिळते आणि टाकीतील पातळी सर्वांत खाली येते. हूड मिटला की दांडे आत शिरतात, आपल्या आकारमानाइतके तेल बाहेर ढकलतात आणि ते टाकीत परत येते. उदाहरणार्थ, दांड्याचा व्यास १० मिमी आणि प्रवास २५० मिमी धरला तर एका दांड्याचे आकारमान सुमारे २० मिली होते, म्हणजे दोघांचे मिळून ४० मिली. हूड वर असताना टाकी काठोकाठ भरून बूच घट्ट लावले, तर मिटताना या ४० मिलीला जागाच मिळणार नाही आणि ते एखाद्या सीलमधून वाट काढील. पुस्तकात बुचाच्या खाली थोडी जागा मोकळी सोडायला सांगितलेली असते ती याचसाठी.

हवा काढण्यासाठी ब्रेकसारखे निपल येथे नसतात. बुचाच्या जागी नळी बसवता येईल असा जोड टर्नरकडून करून घ्यावा, नळीचे दुसरे टोक स्वच्छ एटीएफच्या भांड्यात बुडवून ठेवावे आणि दांडे सांगाड्याला जोडण्यापूर्वीच ते पूर्ण बाहेर-आत करावेत. भांड्यात बुडबुडे येणे थांबेपर्यंत आणि दोन्ही दांडे न अडखळता चालेपर्यंत हे करावे. मध्ये मोटर थंड होऊ द्यावी. भांड्यातील तेलाची पातळी नळीच्या टोकाखाली जाऊ देऊ नये, नाहीतर पंप पुन्हा हवा ओढतो. त्यानंतरच दांडे सांगाड्याला जोडून हूड पहिल्यांदा चालवावा, आणि त्या वेळी दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा असावा.

पुढच्या पावसाळ्यात हूड वर ठेवाल तेव्हा दांड्यांवर त्याच तेलाचा पातळ हात फिरवून ठेवावा, आणि उघडीप मिळेल त्या महिन्यात एकदा, कापड कोरडे आहे याची खात्री करून, हूड पूर्ण मिटवून पुन्हा वर घ्यावा.

सदाशिवपेठी

नळ्यांबाबत या गाडीपुरते तेलदाब यांचे म्हणणे मला मान्य आहे. बाजूची पॅनेल उघडलेलीच आहेत, तर पाणी जाण्याच्या नळ्या याच वेळी साफ करून घ्याव्यात. नंतर तेथे हात पोहोचत नाही. फुगलेला रंग खरवडून पत्र्याला गंजरोधक प्रायमर लावल्याशिवाय गालिचा परत अंथरू नये. मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर थंडीच्या सकाळी हूड मिटवण्यापूर्वी तिला थोडे ऊन लागू द्यावे, नाहीतर ती घडीवर तडकते.

कर्वेनगरकर

सूचना लिहून घेतल्या आहेत. बॉडी मॅन्युअलची छापील प्रत मिळाली असून त्यात भरण्याच्या जोडाची आकृतीही आहे. ती टर्नरला दाखवून तो जोड या आठवड्यात करून घेत आहे.